निघताना काय म्हणायचं

बकेट, टॉवेल, स्पून, सिझर्स हे शब्द मी बघता बघता गिळले. हातात वस्तू असली की शब्द पळून जाईल कुठे? बकेट उचलली की तोंडातल्या तोंडात बकेट म्हणायचं, खाली ठेवली की पुन्हा बकेट. वॉर्डातली एक म्हातारी माझ्याकडे टक लावून पाहायची. एकदा तिनं विचारलंच, "काय वो बाई, कोनाशी बोलून राह्यली?" म्हटलं, बादलीशी.

मी तेव्हा आमच्या जिल्ह्यातल्या एका मिशनच्या दवाखान्यात फरशी पुसायला आणि भांडी उकळायला होते. माहेर लोणारकडचं, शाळा मराठी चौथीपर्यंत. नवऱ्यानं दुसरी बायको केली आणि मला माहेरी आणून टाकलं, तेव्हा भावानं या कामाला लावून दिलं. जरा कुठे बस्तान बसतंय तोच सासऱ्याचा निरोप आला, की पोळा झाला की दमणीला बैल जुंपून न्यायला येतो, तयार राहा. शेतात निंदायला, कापूस वेचायला फुकटची बाई पाहिजे होती त्यांना. सवतीच्या हाताखाली राबायला मी जाणार नव्हते, मग काहीही होवो. पण भाऊ पडला गरीब स्वभावाचा. म्हणाला, "मी त्याइले नाही कसं म्हनू?"

वाट एकच उरली होती. पोळ्याच्या आधी दवाखान्याची मड्डम नर्सिंगच्या वर्गात मुली घेणार होती, आणि वर्गात घेतलेल्या मुलीला शिक्षण पुरं होईपर्यंत घरचे परत नेऊ शकत नसत. तसा घरच्यांचा अंगठा ती कागदावर आधीच घेऊन ठेवायची. पण परीक्षा नागपूरची, आणि नागपूरचं सगळं इंग्रजीत. शिवाय मड्डम एरवी मराठी बोलत असली तरी बाळंतपणाच्या खोलीत घाई झाली की तिच्या तोंडून इंग्रजीच निघायचं. ते ज्या मुलीला कळत नाही, ती तिला नको होती.

घोडं अडलं ते इथंच. मोठ्या नर्सनं मला एक जुनं पुस्तक दिलं होतं. त्यात गाय चारा खाते, मुलगा शाळेत जातो, असली वाक्यं. मड्डम त्यातलं एक वाक्य बोलेल तर शपथ. ती म्हणायची हरी अप, होल्ड ऑन, नेव्हर माइंड. आता हे धरायचं कुठे? बादलीसारखी त्याला कडी नाही. मग मी शब्द सोडून मड्डमचं तोंड बघायला लागले. कोणाच्या हातून काचेचा ग्लास फुटला, ती म्हणाली नेव्हर माइंड. एका पोरानं तिच्या पांढऱ्या झग्यावर धार सोडली, तरी नेव्हर माइंड. म्हणजे जाऊ दे, असं मी ताडलं. पण खात्री पाहिजे. म्हणून मी तिच्या पायाशी पाण्याची ताटली मुद्दाम पाडली. म्हणाली, नेव्हर माइंड. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाडली, तर भुवया वर गेल्या आणि नॉट अगेन ऐकायला मिळालं. मोठी नर्स ओरडली, "हात मोडले काय वो तुहे?" ते मी पाणी पुसता पुसता ऐकून घेतलं. एका ताटलीत दोन इंग्रजी शब्द काही वाईट नाहीत.

पुअर डिअर मात्र काही न पाडता शिकले. ज्या बाईचं मूल हाती लागलं नाही, तिच्या कपाळावरून हात फिरवत मड्डम तेवढंच म्हणायची.

निवडीच्या दिवशी तिनं मला टेबलापुढे उभं केलं. खिडकी लाव, ती कात्री दे, आज जेवलीस का, सगळं इंग्रजीत विचारलं. मी केलं, उत्तरं दिली. मग ती म्हणाली, "यू मे गो." मी हात जोडले आणि म्हणाले, "आय कम."

"नो, नो. गो."

"येस मड्डम. आय कम."

तिनं उसासा टाकला आणि मोठ्या नर्सकडे वळून हळूच म्हणाली, "शी डझन्ट अंडरस्टँड, पुअर डिअर."

माझं डोकं फिरलं. दारापर्यंत गेलेली मी परत आले. मेलेल्या लेकराच्या आईला म्हणायचं ते मला म्हणते? "आय अंडरस्टँड," मी म्हटलं. "आय नो पुअर डिअर. माय बेबी नो डेड. माय हाउस, नोबडी से गो. डेड मॅन गो. आय से कम. बिकॉज आय कम बॅक." आवाज चढला होता. घरातून निघताना येते म्हणावं, हे आईनं बोट धरून शिकवलेलं. ते इंग्रजीत खोटं कसं होईल?

मड्डमनं चष्मा काढून पुसला. मग उठून वर्गाच्या खोलीकडे चालू लागली आणि मागे न बघता म्हणाली, "कम अलाँग, देन." हे मला ठाऊक होतं. मी तिच्या मागोमाग गेले.

पोळ्यानंतर सासरा आला. बैलांच्या शिंगांचा रंग अजून ओला वाटत होता. मड्डमनं फाटकाशी त्याला भावाच्या अंगठ्याचा कागद दाखवला, मराठीत समजावून सांगितलं. तो भांडला नाही. मी आणून दिलेलं पाणी प्याला, गडवा परत दिला आणि तसाच उभा राहिला. तेवढ्यात वर्गाची घंटा झाली.

"जाते मामाजी," मी म्हटलं.

तो दचकला. "असं म्हनू नये पोरी," तो म्हणाला. "येते म्हनावं."

"नाही मामाजी. जाते."

त्यानं मान खाली घातली आणि दमणीकडे वळला. मी गडवा विसळून जागेवर ठेवला आणि वर्गात जाऊन बसले.