पेटीच्या दारातला गणपती

धरणातून पाणी सोडल्याची बातमी ऐकली आणि मी वाईहून सकाळची एसटी धरली. पुण्यात येरवड्याला नदीकाठच्या गल्लीत माझी आक्का राहते. दाजींना दोन वर्षांपासून ऑक्सिजनचं यंत्र लागतं, आणि ते विजेवर चालतं. दोघांना गावी आणायचं, एवढाच बेत.

स्वारगेटला वीस रुपयांचे पोहे खाल्ले. पावसाळ्यात इकडे येणार असाल तर नदीकाठचा रस्ता धरू नका, तो सगळ्यात आधी बुडतो. आमची बस वळसा घालून गेली. पुलावर सगळे प्रवासी एकाच बाजूच्या खिडक्यांना लागले होते.

दाजी घर सोडायला तयार होईनात. तेवढ्यात वीज गेली. आक्काने छोटा सिलिंडर जोडला. तो जेमतेम तासभर पुरतो. मी खाली धावलो.

वायरमन शेख गल्लीच्या तोंडाशीच भेटले. नदीकाठचा ट्रान्सफॉर्मर त्यांनी मुद्दाम बंद केला होता. चालू असताना पाणी शिरलं तर तो जळतो आणि आठवडाभर अंधार. आधी बंद केला तर वाचतो, असं त्यांनी समजावलं. गेल्या पुरानंतर चढावरून दुसरी लाइन आणलेली होती. उंच ओट्यावरच्या विजेच्या पेटीत जोड बदलला की गल्लीला वीज मिळणार होती.

पण पेटीच्या दारालाच टेकून संगमरवरी घुमटीत गणपती बसलेला. लोक तिथे थुंकायचे, म्हणून शेजारच्या काकांनी बसवलेला. काकाही तिथेच उभे होते.

"थुंकणं थांबलं, काका," शेख म्हणाले. "आता वीजही थांबली."

काकांचं म्हणणं, मूर्ती हलवायला गुरुजी लागतील. गुरुजी राहतात खडकीला. वीस मिनिटं यातच गेली. पाणी दहा पावलांवर आलं होतं.

शेख माझ्या जवळ आले. "पाहुणे, मी हात लावला तर उद्या भलतीच चर्चा होईल. तुम्ही उचला."

मी चपला काढल्या आणि मूर्ती उचलली. ठेवायची कुठे ते कळेना. काकांनीच हात पुढे केले आणि ती छातीशी धरली. शेखनी आणि मी घुमटी सरकवली. दार उघडलं. हातमोजे चढवून ते आत वाकले. बऱ्याच वेळाने आक्काने गॅलरीतून हात हलवला. यंत्र सुरू झालं होतं.

दाजी शेवटी गावी आलेच नाहीत. पाणी ओसरल्यावर मी परतलो. काकांनी घुमटी आता दार सोडून बाजूला बसवली आहे. तुमच्या गल्लीतल्या पेटीचं दार उघडतं का, एकदा बघून या.

घरी आल्यावर देवासमोर बसलो. न विचारता मूर्ती हलवली, त्याची क्षमा मागायची होती. हात जोडले, आणि तोंडून दाजींचंच नाव निघालं.