हाऊ आणि हाव

मुलीच्या इंग्रजी शाळेतल्या प्रवेशासाठी आम्ही नांदुऱ्याला गेलो, तेव्हा बालवर्गात एकच जागा उरली होती. मी तिच्याकडून नाव, रंग आणि वीसपर्यंतचे आकडे इंग्रजीत घोकून घेतले होते. कोणी खुशाली विचारेल, हे मात्र ध्यानातच आलं नाही.

मॅडमनी नेमकं तेच विचारलं, “हाऊ आर यू?”

मुलीला त्यातला पहिलाच शब्द ओळखीचा वाटला. आमच्याकडे होकार देताना ‘हाव’ म्हणतात. ती ठणकावून म्हणाली, “हाव!”

बायकोने कपाळावर हात मारला. मॅडमही आमच्याच भागातल्या निघाल्या. हसू आवरत त्यांनी विचारलं, “काय हाव वं पोरी?”

“मले शाळेत यायचं हाय!”

“मंग ये सोमवारपासून. आईले डबा द्याले सांग.”