ओटी कोणी भरायची

पंच्याऐंशी साल. पारोळ्याहून जळगावची एसटी धरायची, तिथून मुंबई आणि मग विलायत. नवरा आधीच मँचेस्टरला गेला होता आणि मलाही तिथल्या एका हॉस्पिटलात संशोधनाची जागा मिळाली होती. माहेरून निघालेल्या लेकीची ओटी भावजयीने भरायची, ही आपली रीत. सुमनवहिनी तांदूळ, नारळ, खण असं ताट घेऊन पुढे आली, तर आईने ते तिच्या हातातून काढून घेतलं.

"तू ऱ्हाऊ दे. शेजारीन भरी."

वहिनीच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि अजून कूस उजवली नव्हती, म्हणून. वहिनी पदर सावरत स्वयंपाकघरात गेली. गाडी धुळ्याहून निघाली असेल, असं कोणीतरी ओरडलं. चारचौघींत आईशी भांडायला सवड नव्हती, म्हणून ते भांडण मी सोबत घेऊन गेले.

आणि नशिबाची थट्टा बघा, तिथे मला काम मिळालं ते पुरुषांच्या वंध्यत्वावर! गोरे, पंजाबी, पाकिस्तानी, सगळे कोटाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला बाटली धरून आणायचे, काउंटरवर ठेवायचे आणि हवेबद्दल बोलायचे. मी दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावून शुक्राणू बघायचे. किती हलतात, किती निपचित पडलेत. धिप्पाड माणसांच्या स्लाइडमध्ये कधी कधी एकही दिसायचा नाही. तेव्हा मला पारोळ्याचं ते ताट आठवायचं आणि जीव चडफडायचा.

पहिल्यांदा सुट्टीवर आले ती ठरवूनच. भाऊचं बाजारपेठेत बियाण्यांचं दुकान. नवं बी आलं की तो मूठभर बी ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचा, कोंब फुटल्याशिवाय गिऱ्हाइकाला द्यायचा नाही. जेवताना मी म्हटलं, "भाऊ, दुकानात बी तपासतोस, मग घरातच शेताला का दोष देतोस? जळगावला एकदा तपासणी करून ये."

तो ताटावरून उठला. "डॉक्टरीन व्हयनी म्हनीसन सख्खा भाऊले असं इचारस?"

आई माझ्यावरच उखडली. "मन्हा पोऱ्या धडधाकट शे. दोष बाईमाच ऱ्हास."

धडधाकटपणाचा याच्याशी काडीचा संबंध नाही, हे मी घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं. पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय! वहिनी तेवढी पोळी वाढताना माझ्याकडे बघत राहिली.

पुढच्या खेपेला वहिनी घरात नव्हती. सोडचिठ्ठी देऊन तिला शिरपूरला भावांकडे पाठवलं होतं आणि भाऊने दुसरी आणली होती. त्यालाही आता वर्षं झाली. दुसरीचाही पाळणा हलला नाही. आई तिला एदलाबादला मुक्ताईच्या पाया पडायला नेते, कुणी सांगेल तो उपास करायला लावते. भाऊच्या तपासणीचं मात्र नाव काढायचं नाही. माझे पेपर परदेशी मासिकांत छापून येतात, परिषदांत लोक टाळ्या वाजवतात, आणि सख्ख्या भावाची एक बाटली काही मला आणता आली नाही. माझ्यासारखे जे बाहेर पडले त्यांना ही तडफड कळेल. जे तिथेच राहिले त्यांना राग आला तर येऊ दे. मलाही येतोच.

गेल्या हिवाळ्यात आले ती परस्पर शिरपूरला गेले. वहिनी आता ज्वारीचे बिबडे, पापडासारखे, करून विकते. पत्र्याच्या दोन खोल्या आणि अंगणभर वाळवण. चार दिवस मी तिच्याकडे खाल्लं, झोपले, बिबड्यांवरचे कावळे हाकलले. निघताना तिने ताट तयार केलं, हळदीकुंकू ठेवलं आणि दाराशी जाऊन शेजारणीला हाक मारायला लागली.

"कोणाला बोलावतेस?"

"लेकुरवाळी शे ती. तुले चांगलं ऱ्हाई."

मी तिचा हात धरून तिला आत आणलं आणि तिच्यापुढे पदर पसरला. "वहिनी, तूच भर."

तिने घाईघाईने ओंजळ भरून ओतली, निम्मे तांदूळ खाली सांडले. आम्ही दोघींनी ते वेचले.

मँचेस्टरला पोचले तोच आईचा फोन; शिरपूरची बातमी तिच्या कानावर गेली होती. "इतली दूर उनी, आन घर कशी उनी नही?"

मी म्हटलं, "आई, घरीच तर जाऊन आले."