हिरवा दिवा

शहापूरच्या सायबर कॅफेच्या पायरीशी मी भाजी विकायची. शेणवे गावचा एक म्हातारा दर बाजाराला तिथे यायचा. देवळात जावं तशा चपला बाहेर काढायचा आणि आत पडद्यासमोर गुडघ्यांवर हात ठेवून बसायचा. मुलगा परदेशात होता. कॅफेवाला म्हाताऱ्याच्या वतीने ‘कसा आहेस?’ असं लिहायचा. उत्तर कधी आलं नाही. पण मुलाच्या नावापुढे हिरवा ठिपका दिसायचा, आणि तेवढ्यावर म्हातारा खूश होऊन बाहेर यायचा.

“दिवा लागलाय गो बाय. म्हंजे पोरगा घरात हाय.”

वर्षभर हेच ऐकून मी कंटाळले. एकदा तोंडावर बोलले, “बाबा, मशीन चालू ठेवून बाहेर गेला असंल तो.”

तो हसला. “घरात माणूस नसताना दिवा कोण ठेवतं?”

“तुमी नाय ठेवत?”

“मी ठेवतो. म्हातारी गेल्यापासून घरात कोण नाय. परत गेल्यावर काळोख नको, म्हणून बल्ब लावूनच...”

तो बोलता बोलता थांबला. कॅफेच्या काचेतून आत बघत राहिला. मग सावकाश चपला घातल्या.

“जातो बाय. बल्ब उगाच जळतोय घरी.”

त्यानंतरही तो बाजाराला यायचा. माझ्याकडून वांगी घ्यायचा, काचेकडे पाठ करून.