अण्णांचा शिवदोरा

मी बेंबळी गावचा, हवालदार अण्णा आमच्याच भागातल्या लोहाऱ्याचे. काश्मीरमधल्या पोस्टवर अण्णा सेक्शन कमांडर आणि मी त्यांच्या हाताखालचा नायक. त्यांच्याबरोबर मी तीन चकमकी केल्या. तिन्ही वेळा दारातून पहिले तेच आत गेले.

अण्णा लिंगायत. गळ्यात शिवदोऱ्याला बांधलेलं इष्टलिंग. पहाटे साडेचारला ते डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची, मगच चहा. लिंगाशिवाय तोंडात घास घालायचा नाही हा त्यांचा नेम. पोरं चेष्टा करायची की अण्णांचा नाश्ता आधी वरून परमिशन घेतो. अण्णाही हसायचे.

दोरा झिजला होता. मी सुट्टीवर निघालो तेव्हा नवा घेऊन ये म्हणाले. वहिनींनी स्वतः वळलेला दोरा लोहाऱ्यात माझ्या हातात दिला. मी तो बेंबळीला आमच्या घरी भिंतीतल्या दिवळीत ठेवला आणि तिथंच विसरून आलो. लई लाज वाटली. हाय हाच टिकंल अजून, एवढंच अण्णा म्हणाले.

मंगळवारी गस्तीवर नाला ओलांडताना दोरा तुटला. दीड तास आम्ही गुडघाभर पाण्यात चाचपलं. लिंग गेलं ते गेलंच.

नवं लिंग गुरूच्या हातूनच घ्यायचं, आणि गुरू लोहाऱ्यात. मेजरसाहेबांनी सुट्टी दिली. गुरुवारी सकाळी सातची गाडी. तोवर अण्णा नुसत्या पाण्यावर.

गुरुवारी पहाटे पाचला खबर आली. खालच्या गावात एका घरात दोन अतिरेकी. अण्णांनी बांधलेली बॅग खाटेखाली सरकवली आणि रायफल उचलली. मी आडवा आलो. म्हणालो, दोन दिवस पोटात अन्न नाही, मी साहेबांना सांगतो.

"उपास माझा हाय, सेक्शनचा न्हाय," अण्णा म्हणाले. "गाडी उद्या बी हाय."

ब्रीफिंगला मेजरसाहेबांनी विचारलं, "कोई अनफिट?" अण्णा माझ्याकडंच बघत होते. माझा हात वर गेला नाही.

सहा चाळीसला घेरा पूर्ण. सात पाचला आतून फायर आला. आमचा पुढचा जवान मांडीत गोळी लागून अंगणात पडला. अण्णा सरपटत गेले, त्याला ओढत भिंतीआड आणलं, खिडकीतून ग्रेनेड टाकला आणि आत शिरले. वायरलेस सेटवर त्यांचा आवाज आला.

"एक खतम. दुसरा जिन्यात. नायक, पोरं सांभाळ."

मग गोळ्यांचा एक बर्स्ट. मग सेट गप्प. मी सेक्शन घेऊन आत गेलो. जिन्याच्या पायरीवर दुसरा मरून पडला होता. खाली अण्णा भिंतीला टेकून बसले होते. श्वास नव्हता.

डॉक्टर म्हणाले, गोळी मानेत लागली, जेवलेले असते तरी वाचले नसते. असेल. मला ते पटत नाही. हात वर करायला हवा होता असं आजही वाटतं, आणि केला असता तर अण्णांनी जन्मात माफ केलं नसतं हेही ठाऊक आहे.

लोहाऱ्यात अण्णांना शेवटची सलामी झाली. लिंगायताला गळ्यातल्या लिंगासकटच समाधी देतात; गुरूंनी नवं लिंग आणलं होतं, त्यांनी दोरा मागितला. सकाळी बेंबळीला जाऊन मी तो दिवळीतून आणला होता. खिशातून काढला. वहिनींनी आपल्या हातचा दोरा लगेच ओळखला.

"तुम्हीच बांधा, भावजी," त्या म्हणाल्या.

अण्णांच्या गळ्यात मी गाठ मारली. दोनदा ओढून बघितली.