अठरा हातांचं कव्हर

“हात आठच आहेत,” मी म्हटलं.

“मग?” रमणशेठ म्हणाले.

“सप्तशृंगीला अठरा आहेत. वणीच्या गडावर विकायची सीडी, आणि दहा हातांची तूट?”

“अहो, एवढ्याशा कव्हरवर अठरा हात बसतात कुठे?”

“कॅसेटच्या कव्हरवर इतकी वर्षं बसवतोय ना मी? ते तर याहून लहान.”

रविवार कारंजाजवळ रमणशेठची छोटी कॅसेट कंपनी होती. देवीची गाणी, भजनं, आरत्या. नव्वद सालानंतरची त्यांची बहुतेक सगळी कव्हरं माझी. त्याआधी मी गावातल्याच द्वारका नाक्यावर ट्रकवर मोर आणि नंबर रंगवायचो. आर्ट स्कूलची पायरी कधी चढलो नाही. जे शिकलो ते गिऱ्हाइकाकडे बघून.

कॅसेटच्या डबीत जो कागद घडी घालून बसवतात, त्याला इनले कार्ड म्हणतात. समोर चित्र, मागे गाण्यांची नावं. कॅसेट सीलबंद असायची, दुकानदार फोडून वाजवून दाखवत नसे. पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या बायकांना नावं वाचता येत नसत. त्या चित्रावर बोट ठेवत. “मागल्या साली हिरव्या शालूची नेली, आवंदा जांभळी द्या.” म्हणून मी दर चैत्राला शालूचा रंग बदलायचो. आत निम्मी गाणी जुनीच असत. रमणशेठचा बंगला त्या शालूंवर उभा राहिला, आणि माझं नाव मात्र कार्डाच्या आतल्या घडीवर, मुंगीएवढ्या अक्षरात. तेही भांडून मिळवलेलं.

मग एमपीथ्री सीडी आल्या. दहा-बारा कॅसेटांची गाणी एका चकतीत. रमणशेठचा जावई कॉम्प्युटर शिकला होता. त्याने कुठून तरी वाघावर बसलेली आठ हातांची देवी उचलली आणि कव्हर केलं. खाली एका ओळीत माझी जुनी चित्रं टपाल तिकिटाएवढी करून चिकटवली. नाव नाही.

“जावई फुकट करतो,” रमणशेठ म्हणाले.

“दिसतंय ते.”

“तुम्ही तापू नका. चहा घ्या.”

“चहा राहू द्या. सौदा करू. या यात्रेत गडावर लोकांनी हे कव्हर घेतलं, तर मी तुमच्या दारात काम मागायला येणार नाही. नाही घेतलं, तर पुढची सगळी कव्हरं माझी, मी सांगेन त्या दराने, आणि नाव समोर.”

“समोर?”

“समोर. देवीच्या पायाशी.”

शेठनी हात पुढे केला. मला वाटलं, माणूस फसला.

चैत्राच्या यात्रेत मी गडावर पोपटरावच्या दुकानात जाऊन बसलो. पोपटराव रमणशेठचा सगळ्यात मोठा विक्रेता. नारळ, बांगड्या आणि कॅसेटा एकाच फळीवर. थोड्या वेळाने दिंडोरीकडची एक बाई दर्शन करून आली. तिने सीडीचा बॉक्स उचलला आणि लगेच खाली ठेवला.

“ही आपली देवी नाय. हात बघा की. आन् मान कुठं कललेली हाय?”

मला तिच्या पायाच पडावंसं वाटलं.

“मावशी, देवी आत हाय,” पोपटराव म्हणाला आणि प्लेअरचं बटण दाबलं. स्पीकरमधून गाणं सुरू झालं. बाई ऐकत उभी राहिली. “त्ये पाळण्याचं हाय का?” त्याने दुसरं बटण दाबलं. पाळण्याचंही होतं. बाई गुणगुणायला लागली.

“द्या ही.”

पोपटरावने चकती बॉक्समधून काढली, पारदर्शक पाकिटात घातली आणि तिला दिली. कव्हर फळीवरच राहिलं.

“अहो, बॉक्स द्या ना त्यांना!” मी ओरडलो.

“पिशवीत फुटतो, कुणी नेत नाय. तुम्हीच विचारा.”

“मावशी, चित्र नको तुम्हाला?”

“चित्र कशाला? देवीला आत्ताच डोळं भरून पाहून आले की.” आणि ती गड उतरायच्या वाटेला लागली.

दिवसभर तेच. गाणं ऐकायचं, चकती न्यायची. संध्याकाळी पोपटराव त्या कव्हरांत कुंकवाच्या पुड्या बांधत होता. माझी तिकिटाएवढी चित्रं घडीत गेली, जावयाची देवीही गेली.

दुसऱ्या दिवशी मी रमणशेठच्या टेबलावर तशी एक पुडी आपटली. “हे बघा तुमच्या जावयाचं काम! लोक फेकून देतायत. सौदा मी जिंकलो.”

शेठनी पुडी उलगडली. कुंकू टेबलावर सांडलं. “सीडी खपली?”

“सीडी खपली. पण कव्हर कुणी घेतलं नाही.”

“म्हणजे कव्हराशिवाय खपते?”

तेव्हा माझ्या लक्षात आलं, पण तोंडातून गेलं होतं. त्यांनी माझ्यासमोरच फोन उचलला आणि छापखान्याला सांगितलं, पुढच्या मालाला कव्हर नको, नुसती पाकिटं. मग मला म्हणाले, “सगळी कव्हरं तुमची म्हणालात ना? दिली. आता कव्हरच नाही. तुमच्यामुळे आमचा छपाईचा खर्च वाचला बघा.”

मी त्या माणसासाठी दहा वर्षं देवीचे अठरा हात मोजून काढले होते. मी खुर्ची लाथाडली आणि निघालो. पुढे गाणी मोबाईलमध्ये भरून मिळायला लागली, तेव्हा त्यांची कंपनी बंद पडली. मी भेटायला गेलो नाही.

आता विंचूरच्या बाजूला वाइनच्या बाटल्यांची लेबलं करतो. बाटली सीलबंद असते, दुकानात बूच काढून चव बघता येत नाही. जोवर माल उघडून बघता येत नाही, तोवरच चित्रकाराला भाव असतो, हे मला गडावर कळलं. परवा वाइनरीचे मालक खुशीत सांगत होते, गिऱ्हाइकाला आधी चव देण्यासाठी खास खोली बांधतोय. मी अभिनंदन केलं आणि पुढच्या तीन लेबलांचा अ‍ॅडव्हान्स तिथेच मागितला.