बंगल्यावर हात

आकाराम सुतार हा माणूस लालासाहेबांना फार थोडा कळला. गाव लोणंद, घरात बायको आजारी, आणि लाकडात हात चांगला, एवढंच त्यांना खात्रीनं सांगता येईल. बाकी त्याच्याविषयी त्यांच्या मनात जे काही होतं, तो बहुतेक संशयच होता.

फलटणच्या बाहेर, उसाला लागून त्यांच्या मुलानं बंगला बांधला. यशराज फौजेत, सूनबाई रेश्मा त्याच्याबरोबर क्वार्टरमध्ये. मागं राहिले फौजेतूनच निवृत्त झालेले हवालदार लालासाहेब, सुनेच्या दागिन्यांचं कपाट आणि वाघ्या नावाचं कुत्रं. "आबा, घराकडं लक्ष असू द्या," असं यशराज दर फोनला सांगायचा. लालासाहेब त्याला ड्युटी समजायचे.

अशात यशराजनंच मोबाइलवर त्याच्या कामाचे फोटो पाहून आकारामला काम दिलं. वाघ्यासाठी घर करायचं, हुबेहूब बंगल्यासारखं.

आकाराम पूर्वी देव्हारे करायचा. ते ऐकून लालासाहेबांच्या भुवया चढल्या.

"देवाचं सोडून कुत्र्याचं धरलंस व्हय रं?"

"आवं, देव कसल्याबी घरात ऱ्हातोय. कुत्र्याचं तसं न्हाई. न्हाई आवडलं तर आत पाय ठेवत न्हाई ते."

लालासाहेब हसले नाहीत. कारण तोवर त्यानं बंगल्याभोवती फिरून सगळं मापात घेतलं होतं. कुठल्या खिडकीला ग्रील आहे, मागचं दार कुठल्या बाजूला उघडतं, गच्चीवर कसं जाता येतं. फोटोही काढले. फौजेत याला रेकी म्हणतात. त्यात वाघ्या. पहिल्या दिवशी त्याच्या अंगावर धावून गेलेलं कुत्रं भाकरीच्या तुकड्यावर फितलं आणि त्याच्या पायाशी लोळायला लागलं. चोर आधी कुत्रं गप करतो, हे हवालदाराला कुणी शिकवायला नको.

ओसरीपुढं कुत्र्याचं घर मात्र झकास उठत होतं. तेच गोल खांब, तीच कठड्याची जाळी, तोच डाळिंबी रंग. वरची पाण्याची टाकीसुद्धा केली होती, श्रीखंडाच्या डब्याची. येणारे-जाणारे थांबून बघायचे. लालासाहेब बघायचे ते आकारामकडं.

एका संध्याकाळी तो गेटाबाहेर फोनवर बोलत होता. लालासाहेब जास्वंदीआड उभे राहिले.

"म्हातारा एकलाच हाय. दुपारचं झोपतंय. कुत्र्याचं काय भ्या न्हाई, ते आपलंच झालंय आता. उद्या बंगल्यावर हात फिरवतो आन् सुटतो."

पोरगं तिकडं फौजेत, आणि इथं बापाच्या नाकासमोर घर धुऊन न्यायचं म्हणजे काय? रात्रभर ते कपाटाला पाठ लावून बसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शेजारच्या जोतिबाला साक्षीला बोलावून दाराआड बसवलं. स्वतः काठी घेऊन सोफ्यावर पडले, डोळे किलकिले ठेवून. ऊन चढलं. जोतिबा घोरायला लागला. तेवढ्यात गेट वाजलं. वाघ्या भुंकला नाही. चपला बाहेर काढून आकाराम अनवाणी पावलांनी ओसरीपर्यंत आला.

लालासाहेब काठी उगारून बाहेर पडले. "थांब तिथंच. कशावर हात फिरवायला आलायस?"

आकारामनं हातातला रंगाचा डबा खाली ठेवला. "ह्या बारक्या बंगल्यावर, साहेब. काल एकच हात दिला. डाळिंबीला दोन लागत्यात. उन्हात लवकर वाळतोय आन् कुत्रंबी सावलीला पडतंय, अंग घासत न्हाई. तुमची झोप मोडू ने म्हून चपला काढल्या."

काठी वरच राहिली होती. आकारामनं तिच्याकडं पाहिलं.

"द्या हिकडं. बरी आणलीसा. रंग ढवळायची कांडी घरीच राह्यली माझी."

त्यानं ती घेतली आणि डब्यात घातली. त्याला सगळं कळलं होतं, का खरोखरच कांडी हवी होती, हे लालासाहेबांना आजही सांगता येत नाही. आत जोतिबा जागा झाला आणि विचारता झाला, "घावला का?"

तरी त्या रात्री लालासाहेबांनी कपाट उघडून दागिन्यांचे डबे बघितलेच. सगळं जागच्या जागी होतं.

पुढच्या आठवड्यात आकाराम कठड्याची निसटलेली पट्टी बसवायला आला. लालासाहेबांना साताऱ्याला मिलिटरी कॅन्टीनला जायचं होतं. त्याला परत पाठवावं की थांबावं, हे त्यांचं ठरेना. शेवटी त्यांनी पिशवी उचलली, दाराला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि अंगणात त्याला एकट्याला ठेवून निघाले. पुढं त्याची बायको गेली, तो सांगलीला लेकीकडं राहायला गेला आणि तिथंच वारला, असं कानावर आलं. म्हणजे त्या दिवशी निघताना झालं, तेच त्यांचं शेवटचं बोलणं.

"मी संध्याकाळी येतो. जाताना गेट ओढून घे."

"व्हय. वाघ्याला पाणी ठेवू का?"

"ठेव."